ठासणीची बंदूक आणि कोड फ्रीझ

"आई, मी बंदूक घेतली."

व्हिडिओ कॉलवर हे वाक्य बोलायची एक पद्धत असते आणि ती मला माहीत नव्हती. आधी आईला वाटलं कनेक्शन खराब आहे. मग तिला वाटलं मी खेळण्यातली म्हणतोय. मग तिने फोन बाबांकडे दिला. बाबांनी "कसली?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "ठासणीची." यावर बाबा काही क्षण स्क्रीनकडे बघत राहिले, "बरं" म्हणाले आणि फोन परत आईकडे दिला. आमच्या घरात "बरं" या शब्दाचे साधारण चौदा अर्थ होतात. हा त्यातला कुठला ते मला आठवडाभर कळलं नाही.

तर झालं असं. मी गेली तीन वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. ऑनसाईट आलेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं: पहिल्या वर्षी नायगारा, दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला थंडीत कुडकुडणं, तिसऱ्या वर्षी करण्यासारखं काही उरलं नाही. आमच्याकडे डिसेंबरच्या मध्यापासून कोड फ्रीझ असतो. म्हणजे प्रॉडक्शनला कुणी हात लावायचा नाही, फक्त ऑन-कॉल माणसाने फोन जवळ ठेवायचा. सगळे देसी भारतात जातात. मला २०२४ साली तिकिटांचे भाव बघून आणि व्हिसा स्टॅम्पिंगच्या भीतीने जायचं नव्हतं.

आमच्या टीममध्ये एक साठीचा डेटाबेसवाला आहे. मी त्याला तोंडावर नावानेच हाक मारतो (इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, कंपनीच्या प्रमुखालासुद्धा), पण मनातल्या मनात काका म्हणतो. काका दरवर्षी २६ डिसेंबरला गायब होतो. कुठे जातोस विचारलं तर म्हणाला, "फ्लिंटलॉक सीझन." पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम सुरू होतो. १९७४ पासून चालत आलेला. यात फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीने ठिणगी पाडून उडणाऱ्या, ठासणीच्या बंदुका चालतात. बाकी जग जे तंत्रज्ञान दोनशे वर्षांपूर्वी सोडून पुढे गेलं, ते घेऊन ही माणसं थंडीत जंगलात उभी राहतात.

"येतोस का?" काकाने विचारलं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते पुढे येईलच.

आता तुमच्या मनात दोन प्रश्न आले असतील, कारण माझ्या रूममेटच्या मनात तेच आले. पहिला: हरीण?! आपल्याकडे काळवीट म्हटलं की थेट कोर्टच डोळ्यासमोर येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हरणाची शिकार हा सरळ गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण इथलं गणित वेगळं आहे. १९०० च्या आसपास या राज्यातली पांढऱ्या शेपटीची हरणं जवळपास संपली होती. १८९५ साली गेम कमिशन स्थापन झालं, शिकारीला हंगाम आणि मर्यादा आल्या, आणि हरणं इतकी वाढली की आता ती शेतं खातात, जंगलातली नवी रोपटी उगवू देत नाहीत आणि रात्री गाडीसमोर येतात. लांडगा आणि प्यूमा इथून केव्हाच नाहीसे झाले, त्यामुळे त्यांचं काम माणूस करतो. २०२३-२४ च्या हंगामात चार लाख तीस हजारांच्या आसपास हरणं मारली गेली. हे वाचून तुम्हाला बरं वाटावं असा माझा आग्रह नाही. मलाही पूर्ण बरं वाटत नाही.

दुसरा प्रश्न: व्हिसावर बंदूक? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण यात चूक झाली तर हरीण राहील बाजूला आणि आपणच परत जाऊ. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एचवनबीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ ठेवायला साधारणपणे बंदी आहे. ज्याच्याकडे राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना आहे, तो याला अपवाद ठरतो. ठासणीच्या बंदुकांना हा कायदा बहुतेक वेळा जुन्या वस्तूंमध्ये धरतो, पण सगळ्या नाही, आणि राज्याराज्यांचे नियम पुन्हा वेगळे. म्हणून मी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (पहिला परवाना काढायचा तर इथे तो सक्तीचाच आहे), मग परवाना काढला, मग एका वकिलाला फी देऊन विचारलं, आणि मग बंदूक बघायला गेलो. तुम्हीही याच क्रमाने करा. मित्राचा मित्र म्हणाला म्हणून काही करू नका.

आता मी हो का म्हटलं ते.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. चुलत आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भातात रानडुकरं शिरतात, म्हणून कोकणात अनेक घरांत अशा बंदुका असायच्या. मी पाहिलं तेव्हा ती बंदूक नव्हती, पण चुलत आजोबा होते आणि त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. लहानपणी विचारलं तर उत्तर मिळायचं, "बंदुकीने नेली." त्यापुढे विचारायचं नाही. बाबांनी तर हा विषय कधीच काढला नाही. मला आठवतंय, गणपतीत मी टिकल्यांचं पिस्तूल घेऊन बाबांवर रोखलं होतं. त्यांनी ते काढून घेतलं आणि विहिरीत टाकलं. एरवी त्यांनी माझ्यावर कधी हातसुद्धा उगारला नाही.

म्हणजे कुतूहल होतंच. ते पेनसिल्व्हेनियात येऊन बाहेर पडलं, इतकंच.

आता बंदूक निवडायची. मी इंजिनियर असल्यामुळे अर्थातच एक्सेल शीट केली. एकोणीस मॉडेल्स, अकरा कॉलम, आणि शेवटी वेटेड स्कोअर. काकाने ती शीट पाहिली, लॅपटॉप मिटला आणि तीन प्रश्न विचारले. कुठल्या हंगामात जाणार? किती लांबून मारणार? आणि घरी आल्यावर ती धुणार कोण?

मुळात ठासणीच्या बंदुका तीन प्रकारच्या. पहिली चकमकीची. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या छोट्या वाटीत पडतात, वाटीतली रंजक पेटते आणि नळीच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आग आतल्या दारूपर्यंत जाते. (शिवकालीन तोफांच्या कानात खिळे ठोकल्याची वर्णनं शाळेत वाचली असतील. तोच कान.) दुसरी केपाची. १८०७ साली फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आपटल्यावर पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे तांब्याची केप आली आणि गारगोटी गेली. चुलत आजोबांची ही असणार. तिसरी आधुनिक, इनलाइन. हिच्यात पेटवणारा प्रायमर नळीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत बसतो. त्यामुळे दमट हवेतही ती सहसा दगा देत नाही, वर दुर्बीण लागते आणि मागचा प्लग काढून नळी आरपार साफ करता येते.

पहिलीच बंदूक घेणाऱ्याला काकाचा सल्ला स्पष्ट होता: पॉइंट फिफ्टी कॅलिबरची, म्हणजे १२.७ मिलिमीटर नळीची, साधी इनलाइन घे. या मापाच्या गोळ्या आणि सामान सगळीकडे मिळतं, हरणासाठी ती पुरेशी आहे आणि नवशिक्याच्या चुका ती पोटात घालते. ऑक्टोबरात इथे ठासणीच्या बंदुकांचा एक आठवडा असतो, त्यात ती चालते. पण मला सुट्टी नाताळानंतरच, आणि नाताळानंतरच्या या हंगामात चकमकीशिवाय दुसरी बंदूक चालत नाही. म्हणजे माझी बंदूक कोड फ्रीझने निवडली. अकरा कॉलमांत तो कॉलम नव्हता.

आणखी एक गोष्ट शीटमध्ये होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता: नळीतल्या आट्यांचा पीळ. कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली गोल शिशाची गोळी उडवायची तर पीळ संथ हवा, ६६ इंचांत एक वेढा वगैरे. लांबट आधुनिक गोळ्यांना २८ इंचांत एक, असा घट्ट पीळ लागतो. ४८ इंचांत एक ही मधली तडजोड. म्हणजे आधी कुठली गोळी वापरायची ते ठरवा, मग नळी बघा. आपण सगळे उलट करतो. मी गोल गोळी ठरवली आणि पन्नास यार्डांपलीकडे मारायचं नाही हेही ठरवलं.

बंदूक सेकंडहॅंड घेतली. दुकानदाराने हातात दिल्याबरोबर काकाने पहिली गोष्ट काय केली असेल? गज काढला आणि नळीत सोडला. तोंडाशी बोटाने खूण धरली, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिला. गज कानाच्या जवळपास पोचला, म्हणजे नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबला असता तर आत काहीतरी आहे. पन्नास वर्षं भिंतीवर टांगलेली बंदूक भरलेली निघाल्याच्या गोष्टी इथे सगळ्यांकडे आहेत. मग टॉर्च टाकून नळीत गंजाचे खड्डे आहेत का, अर्ध्यावर चढवलेला घोडा चाप ओढला तरी तिथेच थांबतो का, ठिणग्या नीट पडतात का, कानाचं भोक झिजून मोठं झालंय का, हे पाहिलं. शेवटची चौकशी त्याने माझ्याकडे केली, "मॅन्युअल आहे का?" नव्हतं. ते बनवणाऱ्या कंपनीकडून मागवलं आणि ते येईपर्यंत दारू विकत घ्यायची नाही असं मला बजावलं.

त्या आठवड्यात एके सकाळी बाबांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत. थोडा वेळ हवापाण्यावर बोलले. मग एकदम मालवणीत आले. आमच्याशी ते प्रमाण मराठीत बोलतात, मालवणी फक्त गावच्या माणसांशी किंवा खूप आतलं काही बोलायचं असेल तेव्हा.

"आधी गज टाकून बघ, मगे काय ता कर."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. चुलत आजोबा रात्री राखणीला बसले होते. डुकरं आली नाहीत. पहाटे घरी येऊन त्यांनी भरलेली बंदूक तशीच कोपऱ्यात ठेवली, केप तेवढी काढली. दोन दिवसांनी पुन्हा जायची वेळ आली तेव्हा घाई होती. त्यांना वाटलं रिकामीच आहे. पुन्हा दारू, पुन्हा गोळी, पुन्हा ठासणी. तेव्हा कंदील धरून शेजारी एक नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. बाबा म्हणाले, "तो मुलगा मी." नळी मधोमध फाटली. बाबांना एवढंच आठवतं की आवाज नेहमीसारखा नव्हता आणि कंदील विझला होता.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नको म्हणत असाल तर मी परत देतो."

"नको म्हणत नाही मी. गज टाक म्हणतोय."

आपल्या भाषेत सांगायचं तर बंदूक भरणं ही आयडेम्पोटंट क्रिया नाही. एकदा केली काय आणि दोनदा केली काय, निकाल सारखाच, असं इथे नसतं. आणि आतली स्थिती बाहेरून दिसत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचं हे यंत्र कुठलाही एरर मेसेज न देता चुकीचा इनपुट घेतं. काडतुसाची बंदूक मोडून आत बघता येतं. ठासणीच्या बंदुकीत गज हा एकच लॉग.

म्हणून भरायचा क्रम. तो असा का, हे समजून घेतलं की पाठ करावा लागत नाही.

डोळ्यांना चष्मा, कानात बोळे. घोडा खाली, पोलादी पट्टी उघडी, वाटी रिकामी. म्हणजे ठिणगी पडायची सोयच नाही. गज टाकून रिकामी असल्याची खात्री. नळीतलं तेल कोरड्या कापडाने पुसून काढायचं आणि कानात तार घालून भोक मोकळं करायचं, कारण तेलाने भिजलेली दारू पेटत नाही. बंदुकीचं तोंड आपल्या तोंडापासून लांब, वाकलेलं.

मग दारू. इथे पहिला मोठा नियम: काळी दारूच. सोरा, कोळसा आणि गंधक, ७५, १५ आणि १० या प्रमाणात, शेकडो वर्षांची जुनी पाककृती. आधुनिक काडतुसातली स्मोकलेस पावडर दिसायला तशीच असू शकते, पण तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही. ठासणीच्या बंदुका फुटण्याची जी कारणं आहेत, त्यात हे सगळ्यात वाईट. काळ्या दारूला पर्याय म्हणून काही नव्या पावडरी मिळतात, इनलाइनवाले त्या वापरतात. त्या वजनाने नाही, मापाने मोजायच्या असतात. चकमकीच्या बंदुकीत मात्र त्या नीट पेटत नाहीत, म्हणून आम्हाला खरी काळी दारूच. माझं माप ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत. तुमचं माप तुमच्या मॅन्युअलमधलं.

दारू डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आधी मापात, मग मापातून नळीत. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत राहिला असेल तर ७० ग्रेन भसकन पेटतील. डबा हातात असेल तर अख्खा डबा पेटेल. डब्याचं झाकण लावून तो लांब ठेवायचा. सिगारेटवाल्यांना तर रेंजवर उभंही करत नाहीत.

मग तेलकट कापडाचा गोल तुकडा, त्यावर गोळी. माझी पॉइंट फोर नाइन्टीची, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. आधी आखूड दांडीने ती तोंडातून थोडी आत ढकलायची आणि मग गजाने खाली. गज नळीच्या तोंडाजवळच पकडायचा, वीतभर-वीतभर ढकलायचा. वर उंच धरून जोर लावला तर लाकडी गज मोडतो आणि त्याचं टोक तळहातात घुसतं. आणि गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर ती गोळी न राहता बूच होते, आणि नळी तिथेच फुगते किंवा फाटते.

(शाळेत १८५७ शिकताना मला कधी कळलं नव्हतं की काडतूस दातांनी तोडायचं कशाला. एन्फिल्ड रायफल ही ठासणीचीच होती. कागदाच्या पुडीत मोजलेली दारू आणि गोळी, पुडी दातांनी फाडायची, दारू ओतायची, गोळी ठासायची. चरबी लावलेला कागद तोंडात जायचा तो असा. वाद धर्माचा झाला, पण दात मध्ये आले ते या क्रमामुळे.)

सगळ्यात शेवटी, आणि फक्त निशाण्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर, वाटीत चिमूटभर बारीक रंजक. उजव्या बाजूला कुणी उभं नाही ना ते बघायचं, कानातून आग बाजूलाही येते.

आणि गजावर दोन खुणा. नळी रिकामी असताना गज तोंडाशी जिथे येतो ती एक, बरोबर भरलेली असताना येतो ती दुसरी. काकाने त्या चाकूने कोरायला लावल्या. मी म्हटलं मार्करने करतो. तो म्हणाला, मार्कर पुसला जातो.

पुढे जे झालं ते मी बाबांना अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी रेंजवर होतो. सहा बार झाले होते, हात बसत होता. सातव्याची दारू नळीत ओतली आणि फोन वाजला. ऑन-कॉल मीच होतो. एक बॅच जॉब अडकला होता. बंदूक स्टॅंडला लावली, बाजूला जाऊन दहा मिनिटं बोललो, जॉब पुन्हा चालू केला, परत आलो. कुठे होतो आपण? माप रिकामं होतं. अर्थातच रिकामं, मीच ते ओतलं होतं. पण त्या क्षणी डोक्याने काढलेला अर्थ असा: माप रिकामं, म्हणजे अजून भरायचंय. माप भरलं, ओतलं. कापड, गोळी, गज.

गज खाली जाऊन थांबला आणि भरलेल्याची खूण नळीच्या तोंडावर येण्याऐवजी दोन बोटं वर राहिली.

मला वाटलं गोळी अडकली. जोर लावला. हलेना. आणि मग पोटात खड्डा पडला. दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटीमीटर. नंतर घरी हिशोब केला, ७० ग्रेन दारू या नळीत बरोबर तेवढीच जागा घेते.

मी काकाला हाक मारली. त्याने खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. मी रंजक टाकलेली नव्हती, तरी त्याने पट्टीवर चामड्याचं टोपण चढवलं, कानातून पाणी सोडून दारूचा चिखल केला आणि गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली. अर्धा तास लागला. त्या बाराने नळी फाटली असती का? कदाचित नाही. चांगल्या नळ्या बरंच सहन करतात. कदाचित नुसता खांदा सुजला असता. चुलत आजोबांच्या नळीनेही त्याआधी बरंच सहन केलं असेल.

परत निघताना काका एवढंच म्हणाला, की एकदा मध्ये थांबलास की तू कुठे होतास ते आठवायचा प्रयत्न करायचा नाही. पहिल्यापासून सुरू करायचं, गज टाकून. आणि फोन गाडीत ठेवायचा. पुढच्या सोमवारी मी एका सहकाऱ्याशी ऑन-कॉलची पाळी बदलून घेतली.

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार. आईने आदल्या रात्री फोनवर आठवण करून दिली की मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे. मी म्हटलं, हरणं कॅलेंडर बघत नाहीत. ती म्हणाली, "तू बघ ना."

पहाटे जंगलात ओल होती. दोघांच्याही अंगावर नारिंगी जॅकेट, सक्तीचं असो नसो. काका टेकडीच्या पलीकडे, मी एका ओकच्या बुंध्याशी. कुठल्या दिशेला बार करायचा नाही ते आधी ठरलेलं. दोन तास काहीच नाही. पाय बधिर. मग एक मादी आली. आवाज नाही, काही नाही, आधी नव्हती आणि मग होती. चाळीस यार्ड, आडवी उभी. मागे उताराची माती, म्हणजे गोळी पलीकडे जाणार नाही. सगळं बरोबर होतं.

घोडा चढवला. माशी खांद्यामागे धरली. चाप ओढला.

वाटीत फस्स करून जाळ झाला आणि पुढे काहीच नाही. फुसका बार. हा शब्द मी आयुष्यभर राजकारण्यांसाठी वापरला, त्या दिवशी त्याचा मूळ अर्थ कळला.

आता इथे नियम असा: बंदूक हलवायची नाही. आत कुठेतरी ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा उडतो. तोंड सुरक्षित दिशेला रोखून निदान एक मिनिट थांबायचं. मी थांबलो. हरणीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. धुराकडे पाहिलं. मी मनात आकडे मोजत होतो. पस्तीसच्या आसपास तिने शेपूट वर केली आणि दोन उड्यांत ती झाडांत गेली.

मी साठपर्यंत मोजलं. मग वीस आणखी.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. मारायचं नव्हतंच मनात, असं काहीतरी. तसं झालं नाही. मला वाईट वाटलं, सरळ वाईट, सुटलेल्या कॅचसारखं. म्हणजे मला ती हवी होती. हे स्वतःबद्दल आधी माहीत नव्हतं, आणि ते समजल्याचा आनंद झाला असंही म्हणवत नाही. पण त्या मिनिटात बंदूक खाली करून कानात डोकावायचा मोह झाला होता, आणि मी डोकावलो नाही, याचं मात्र बरं वाटलं.

कान ओलसर काजळीने बुजला होता. तार घालून मोकळा केला, नवी रंजक टाकली, आणि दुपारपर्यंत बसूनही काही आलं नाही. निघताना प्रश्न आला, भरलेली बंदूक गाडीत ठेवायची का? बऱ्याच राज्यांत वाटी रिकामी केली किंवा केप काढली की कायदा तिला भरलेली समजत नाही. चुलत आजोबांनीही केप काढलीच होती. आम्ही मातीच्या उतारावर बार काढला. या वेळी तो एकदम उडाला, आणि धूर विरेपर्यंत समोरचं काही दिसलं नाही.

घरी येऊन बाथटबमध्ये गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून नळी धुतली. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग घन राख होऊन नळीत राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि गंज सुरू होतो. त्यामुळे "उद्या बघू" चालत नाही. रूममेट बाथरूमच्या दारात उभा राहून कुजक्या अंड्यांचा वास येतोय म्हणून कुरकुरत होता. गंधक, दुसरं काय.

मग बाबांना फोन केला. तिकडे शुक्रवारची सकाळ. हरीण गेलं ते सांगितलं. आई मागून म्हणाली, "गुरुवार होता, मी सांगितलं होतं." बाबांनी हरणाचं काही विचारलं नाही.

"आता रिकामी आहे?"

"हो."

"गज टाकलास?"

मी बंदूक घेऊन आलो आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर गज नळीत सोडला. तळाला टेकल्याचा टण्ण आवाज झाला. रिकाम्याची खूण तोंडाशी आली. बाबांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ तोंड आणून ती खूण नीट पाहिली.

"बरं," म्हणाले.

हे "बरं" कुठलं ते मला कळलं.

असो. पुढचा कोड फ्रीझ येईलच. ऑन-कॉलची पाळी मी आधीच बदलून ठेवणार आहे.